डीबी, एसीचे पाइप आणि वायफायची पेटी: भिंतीवरच्या नकोशा वस्तू झाकाव्यात कशा

सोसायटीतल्या बहुतेक फ्लॅटमध्ये दार उघडून आत आले की चपलांच्या कपाटाच्या वर किंवा समोरच्या भिंतीवर एक पांढरी अथवा राखाडी पेटी दिसते. ती म्हणजे डीबी (डिस्ट्रिब्यूशन बोर्ड), घरातल्या सगळ्या एमसीबींचे, म्हणजे जादा भार आला की आपोआप वीज तोडणाऱ्या छोट्या स्विचांचे, ठाणे. तिच्या शेजारी इंटरकॉम, बेलची डबी, त्याखाली स्विचबोर्ड आणि अलीकडे फायबरच्या जोडणीबरोबर आलेली वायफायची पेटी व तिच्या लोंबणाऱ्या वायरी असतात. बिल्डरने ही जागा सोयीसाठी निवडलेली असते, आपल्याला मात्र तीच भिंत पाहुण्यांच्या नजरेत भरावी असे वाटते. या लेखात अशा भिंतीचे काय करता येते ते सविस्तर मांडले आहे. डीबीवर अधिक जागा दिली आहे, कारण लोक सर्वाधिक चुका तिथेच करतात.

आमच्या घरी पहिल्या खेपेस सुताराने डीबीसमोर वर उचलून उघडायची एक सुबक फळी बसवून दिली होती. दिसायला ती उत्तम होती. पुढे पावसाळ्यात एका रात्री आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, पडला, घरभर अंधार झाला, आणि तेव्हा कळले की एका हाताने फळी धरून ठेवायची, दुसऱ्या हाताने डीबीचे दार उघडायचे, तर टॉर्च धरायला तिसरा हात कोठून आणायचा. दुसऱ्याच आठवड्यात ती फळी निघाली. तेव्हापासून आवरण कसे दिसते यापेक्षा ते अंधारात एका हाताने उघडते की नाही हे मी आधी पाहतो, आणि खालील सर्व सूचना त्याच हिशेबाने केलेल्या आहेत.

आधी भिंतीची नोंद करावी

एका सुटीच्या दिवशी दारात उभे राहून भिंतीचा फोटो घ्यावा. रोज पाहून सवयीच्या झालेल्या वस्तू फोटोत नव्याने दिसतात. मग कागदावर प्रत्येक वस्तूपुढे ती किती वेळा हाताळली जाते ते लिहावे. स्विचबोर्ड आणि इंटरकॉम दिवसातून अनेकदा लागतात, त्यामुळे ते झाकण्याचा विचारच सोडावा. डीबी, पाण्याचा मुख्य कॉक आणि गॅसचा व्हॉल्व्ह महिनोन्‌महिने लागत नाहीत, पण लागतात तेव्हा तातडीने लागतात. ते झाकायचे असतील तर आवरण कुलपाविना आणि झटक्यात उघडणारे हवे. गॅसबाबतची वेगळी अट पुढे येईल. राहिलेल्या वस्तूंत, म्हणजे एसीचे पाइप, टीव्हीच्या वायरी, बंद पडलेल्या टेलिफोनची डबी, जुन्या पंख्याचे भोक यांत, मोकळीक सर्वाधिक असते.

ही नोंद करताना हमखास एखादी निरुपयोगी वस्तू सापडते. केबलवाल्याची जुनी वायर, आता नसलेल्या घड्याळाचा खिळा, वापरात नसलेला सॉकेट. अशा वस्तू झाकण्याऐवजी काढून टाकाव्यात, भोकात लांबी भरून काचपेपरने घासावे आणि रंगाचा हात मारावा. वापरात नसलेल्या स्विचबोर्डवर मात्र प्लॅस्टर करू नये. आत जिवंत जोड असू शकतो आणि पुढे कोणी त्याच जागी खिळा ठोकू शकतो. इलेक्ट्रिशियनकडून वायरींची टोके सुरक्षित करून घ्यावीत आणि वर ब्लँक प्लेट लावून ती भिंतीच्या रंगात रंगवावी.

डीबीवरची चौकट: मापापासून बसवण्यापर्यंत

सर्वांत व्यवहार्य उपाय म्हणजे डीबीच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर उभ्या लाकडी पट्ट्या लावून त्यांवर बिजागरीने चित्राची चौकट बसवणे. दुरून ते भिंतीवरचे चित्र वाटते आणि जवळ जाऊन ओढले की दारासारखे उघडते. हे काम एका दिवसात होते, मात्र मापे घाईने घेतली तर दोनदा करावे लागते.

उदाहरणासाठी डीबीची बाहेरची कड ३६ सेंमी रुंद व २६ सेंमी उंच आहे आणि ती भिंतीपासून २ सेंमी पुढे आली आहे असे धरू. दोन्ही बाजूंना ४ सेंमी जागा सोडली तर पट्ट्यांमधले अंतर ४४ सेंमी होते. पट्टी २.५ सेंमी जाड, ३८ सेंमी लांब आणि भिंतीपासून ४ सेंमी पुढे येणारी असावी, म्हणजे डीबीचे दार आणि चौकट यांच्यात २ सेंमी पोकळी राहते. दोन्ही पट्ट्यांसह रुंदी ४९ सेंमी भरते, म्हणून चौकट ५० × ४० सेंमीची घ्यावी. पट्ट्या कापण्यापूर्वी डीबीचे स्वतःचे दार किमान काटकोनापर्यंत उघडते की नाही ते पुठ्ठ्याचा तुकडा पट्टीच्या जागी धरून पाहावे. दार बाजूला उघडणारे असेल तर आपली चौकटही त्याच बाजूला उघडावी, अन्यथा दोन दारे एकमेकांना अडवतात. जागा वाचवण्यासाठी डीबीचे मूळ दार काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नये.

वर आणि खाली आडव्या पट्ट्या लावायच्या नाहीत. गीझर आणि एसी एकाच वेळी चालू असताना एमसीबी कोमट होतात आणि त्या उष्णतेला वाट हवी असते. वर-खाली मोकळे असले की हवा आपोआप खेळते. याच कारणासाठी आवरणाच्या आत थर्माकोल, स्पंज, कापडी अस्तर किंवा कागदी वॉलपेपर अजिबात नको, कारण या सगळ्या वस्तू सहज पेट घेतात. डीबीसमोर पडदा सोडण्याची युक्तीही याच कारणाने बाद ठरते.

चौकट फ्रेमवाल्याकडून करून घ्यावी, पण ती लाकडाची आहे याची खात्री करावी. बाजारातल्या पुष्कळ चौकटी लाकडासारख्या दिसणाऱ्या सिंथेटिक पट्टीच्या असतात, त्यांत बिजागरीचा स्क्रू टिकत नाही. काचेऐवजी पातळ ॲक्रिलिक घ्यावे, कारण उघडझाप होणाऱ्या वस्तूत काच धोक्याची असते. बाहेर पडताना चेहरा पाहायला आरसा हवा अशी अनेक घरांत मागणी असते आणि ही जागा त्याला योग्यही आहे. मात्र ४ मिमी जाडीचा काचेचा आरसा दर चौरस मीटरला सुमारे १० किलो भरतो, म्हणजे ५० × ४० सेंमीचा आरसा चौकट सोडून २ किलोचा होतो. तेवढ्या वजनाला दोनऐवजी तीन बिजागऱ्या लावाव्यात. चित्र कोणते हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. माझ्या मते वारली चित्र किंवा जुन्या खणाचा तुकडा उत्तम दिसतो, फक्त कापड असेल तर ते ॲक्रिलिक आणि मागच्या प्लायमध्ये बंदिस्त असावे.

आता भोके पाडण्याचा भाग. येथे एक गोष्ट नीट समजून घेणे आवश्यक आहे. डीबीतला मुख्य स्विच बंद केला की घरातली वीज जाते, पण मीटरकडून त्या स्विचपर्यंत येणारी वायर जिवंतच राहते, आणि ती डीबीच्या अगदी लगतच्या भिंतीतून आलेली असते. म्हणून हे काम करताना तळमजल्यावरच्या मीटर रूममधला आपल्या मीटरजवळचा स्विच किंवा कटआउट (फ्यूज) इलेक्ट्रिशियनकडून बंद करून घ्यावा आणि डीबीत वीज नसल्याची खात्री त्याच्याकडूनच करून घ्यावी. अर्थात मग ड्रिल मशीनला घरात वीज मिळणार नाही. बॅटरीवर चालणारे मशीन आणावे किंवा शेजारच्या घरातून एक्स्टेन्शन घ्यावे. डीबीच्या थेट वर आणि थेट खाली भोक पाडायचे नाही, कारण कन्सील्ड पाइप बहुधा तिथूनच छताकडे आणि स्विचबोर्डांकडे जातात. पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूंना ठेवण्यामागे हेच कारण आहे. तरीही काही घरांत पाइप आडवे नेलेले असतात, तेव्हा वायर शोधणारे डिटेक्टर भिंतीवरून फिरवून मगच खूण करावी.

प्रत्येक पट्टीला वरून आणि खालून ५ सेंमी अंतरावर एकेक भोक पुरते. पट्टीत आधी भोके पाडून स्क्रूचे डोके आत बसेल एवढी खळगी करावी, पट्टी भिंतीवर ओळंब्यात धरून पेन्सिलने खुणा कराव्यात आणि भिंतीत ८ मिमीच्या बिटने भोक पाडून त्याच मापाची गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा प्लग) ठोकावी. पट्टी ४ सेंमीची असल्यामुळे ७५ मिमी लांबीचा स्क्रू घ्यावा लागतो, म्हणजे भिंतीत साधारण ३५ मिमी पकड मिळते. भिंत सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या, ब्लॉकची असेल तर साधी गिट्टी सैल होते, तिथे त्या ब्लॉकसाठी मिळणारे लांब नायलॉनचे प्लग वापरावेत. बिजागऱ्या कोकणपट्टीत आणि मुंबईत पितळेच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्यात, साध्या लोखंडाच्या दोन पावसाळ्यांत गंजून करकरू लागतात. मोकळ्या बाजूला एक मॅग्नेट कॅचर लावला की चौकट मिटून राहते. खालच्या कोपऱ्यात बोट अडकेल एवढी खाच करून घेतली तर मुठीचीही गरज उरत नाही.

ही संधी साधून दोन कामे उरकून घ्यावीत. पहिले, प्रत्येक एमसीबी कोणत्या खोलीचा किंवा उपकरणाचा आहे हे चौकटीच्या आतल्या बाजूस ठळक अक्षरांत लिहावे. दुसरे, डीबीच्या पेटीला वायरींसाठी असलेली आणि न वापरलेली भोके इलेक्ट्रिशियनकडून बंद करून घ्यावीत. आवरणामागच्या उबदार अंधारात पाल राहायला येतेच, आणि ती पेटीत शिरली तर शॉर्ट होण्याचा संभव असतो.

शेवटी चाचणी. रात्री दिवे बंद करून घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांसह, चौकट उघडून मुख्य स्विचला हात लावायला सांगावे. ज्याचा हात पोचत नाही त्याच्यासाठी स्टूल कोठे असते हे ठरवून ठेवावे.

एसी आणि त्याचे पाइप

स्प्लिट एसीचे इनडोअर युनिट पेटीत बंद करणे हा सजावटीतला सर्वांत महागडा हट्ट म्हणावा लागेल. युनिट वरून हवा ओढते आणि खालून सोडते. समोर जाळीची पेटी केली की बाहेर पडलेली थंड हवा आतच फिरून पुन्हा वर ओढली जाते, मशीनला खोली थंड झाल्याचा भास होतो आणि आपण मात्र घामाघूम. युनिटच्या वर आणि बाजूंना किती जागा सोडावी हे कंपनीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते, ते पाळावे. युनिट नजरेआड करायचे असेल तर त्याच्या मागची भिंत त्याच्याच पांढऱ्या छटेत रंगवावी, किंवा दोन्ही बाजूंना कपाट करून मधला कप्पा समोरून व वरून पूर्ण मोकळा ठेवावा.

पाइपांचे काम सोपे आहे. काळ्या इन्सुलेशनमध्ये गुंडाळलेले तांब्याचे पाइप, वायर आणि पाणी जाणारी नळी हे सगळे एका पीव्हीसी आवरणात बसते, ते हार्डवेअरच्या दुकानात एसी पाइप कव्हर म्हणून मिळते. आवरण लावण्यापूर्वी इन्सुलेशन कोठे फाटले आहे का ते हाताने चाचपून पाहावे. उघड्या तांब्यावर हवेतले पाणी साचते, आवरणात ते दिसत नाही आणि काही महिन्यांत भिंतीवर बुरशीचा काळा पट्टा उमटतो. पाण्याच्या नळीला सर्वत्र उतार हवा. आवरण सरळ दिसावे म्हणून नळी मध्येच वर उचलली तर पाणी उलटे येऊन युनिटमधून टपकते. आवरणाचे झाकण फेविकॉलने किंवा सिलिकॉनने चिकटवू नये, सर्व्हिसिंगच्या वेळी ते निघाले पाहिजे. पीव्हीसीवर रंग द्यायचा असेल तर २२० नंबरच्या काचपेपरने चकाकी घालवून, प्राइमर देऊन मग भिंतीचा रंग लावावा, नाहीतर रंगाची सालपटे निघतात.

वायफायची पेटी आणि वायरी

राउटर लोखंडी कपाटात, आरशामागे किंवा टीव्हीच्या पाठीमागे ठेवू नये. धातू आणि आरशाचा मुलामा लहरी अडवतात, आणि ५ गिगाहर्ट्‌झची लहर तर साध्या भिंतीपाशीही दमते. डीबीवर आरसा लावण्याचे ठरले असेल तर राउटर त्याच्या मागच्या पोकळीत ठेवण्याचा मोह येतो. तो आवरावा, एक तर लहरीसाठी आणि दुसरे म्हणजे उष्णतेसाठी. वेताची किंवा बांबूची विरळ विणीची टोपली, तळ भिंतीकडे करून आडवी टांगली तर उत्तम काम करते. हवा खेळते, लहरी जातात आणि टोपली स्वतःच शोभेची वस्तू होते. फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक तार कधीही काटकोनात मोडू नये, टोपलीतच तिचे मोठे वेटोळे करून ठेवावे.

टीव्हीच्या वायरींसाठी केसिंग-कॅपिंगची, म्हणजे वायरी आत घालून वर झाकण बसवायची, पट्टी वापरावी. पट्टी भिंतीच्या मधोमध न नेता दाराच्या चौकटीच्या कडेने आणि स्कर्टिंगच्या वरून नेली तर ती बांधकामाचाच भाग वाटते. विजेच्या वायरी आणि केबल-फायबर यांच्यासाठी दोन वेगळ्या पट्ट्या घ्याव्यात.

इन्व्हर्टर, पाण्याचे पाइप आणि गॅस

इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते, म्हणून ती झाकायची झाल्यास वर आणि खाली जाळी असलेलेच कपाट करावे आणि डिस्टिल्ड वॉटर घालायला वरून हात जाईल एवढी जागा ठेवावी.

जुन्या इमारतींत बाथरूमच्या कोपऱ्यातून जाणारा सांडपाण्याचा जाड पाइप सिमेंटच्या बोर्डने बंद करून त्यावर टाइल लावता येते. मात्र पाइपवरील साफसफाईच्या झाकणासमोर उघडणारी खिडकी ठेवली नाही, तर पाइप तुंबल्याच्या दिवशी टाइल फोडावी लागते. येथे साधे एमआर (थोडाच ओलावा सोसणारे) प्लाय वापरू नये. आयएस ७१० चा शिक्का असलेले मरीन प्लाय किंवा सिमेंट बोर्ड वापरावा. गॅलरीतले उघडे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप झाकण्यापेक्षा गंज घासून, रेडऑक्साइडचा गंजरोधक हात देऊन भिंतीच्या रंगाचा ऑइल पेंट लावणे स्वस्त पडते.

गॅसचा पाइप आणि मीटर यांना मात्र हात लावू नये असेच मी सांगेन. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्यामुळे वर साठतो आणि सिलिंडरचा वायू जड असल्यामुळे खाली साठतो, म्हणजे बंद पेटीत दोन्ही धोकादायक. मीटर आधीच ट्रॉलीच्या कपाटात गेला असेल तर गॅस कंपनीच्या माणसाला दाखवून, कपाटाच्या दाराला वर व खाली मोकळ्या झडपा करून घ्याव्यात, आणि व्हॉल्व्हसमोर डबे रचू नयेत.

भाड्याच्या घरात, किंवा भोक न पाडता

घरमालकाची परवानगी नसेल तर झाकण्याऐवजी नजर वळवण्याचा मार्ग राहतो. डीबी किंवा इंटरकॉम यांच्याभोवती त्यांच्याच आकाराच्या पाच-सात चौकटी मांडल्या की ती पेटी त्या समूहातली एक होऊन जाते. चिकटपट्ट्या लावण्याआधी वर्तमानपत्राचे त्याच मापाचे तुकडे कापून मास्किंग टेपने भिंतीवर लावावेत आणि दोन दिवस तसेच ठेवावेत. जाता-येता काय खटकते ते आपोआप कळते. समूहाचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंमीवर यावा आणि दोन चौकटींमधले अंतर ५ ते ७ सेंमी असावे. डिस्टेंपरच्या भिंतीवर चिकटपट्टीचे हुक टिकत नाहीत, कारण वरचा थर भुकटीसारखा सुटतो. तिथे भिंतीला टेकून उभे राहणारे उंच, पाठ नसलेले शेल्फ बरे पडते. ते डीबीसमोर मात्र ठेवू नये.

गणपतीच्या दिवसांत मखर याच भिंतीपाशी येते आणि मागचा स्विचबोर्ड झाकला जातो. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी असली तरी पुठ्ठा आणि कापडही तितक्याच सहजतेने पेटतात, म्हणून माळेच्या दिव्यांचा प्लग मखराच्या मागे न ठेवता बाजूच्या सॉकेटला लावावा.

दर तीन-चार महिन्यांनी डीबीवरची चौकट उघडून कोरड्या फडक्याने आतली धूळ व कोळिष्टके काढावीत, बिजागरीचे स्क्रू आवळावेत आणि वीज चालू असताना आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण दाबून पाहावे. बटण दाबताच आरसीसीबी पडला नाही, तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवावे.